विहिरीत टीसीएल टाकताना

आमच्या गावात टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, मुठीने टाकायची रीत होती. उन्हाळ्यात दोन मुठी, पावसाळ्यात चार. पाणीपुरवठ्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मीही तेच करायचो. ओटी टेस्टमध्ये (नळीतल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन बघतात) एक दिवस नळीला रंगच नाही, दुसऱ्या दिवशी थेट नारिंगी. शेवटी टेप घेऊन विहिरीवर गेलो.

व्यास एकदाच मोजावा लागतो, पाण्याची खोली मात्र दर वेळी. दोरीला दगड बांधून तळाला टेकेपर्यंत सोडा, वर ओढा आणि भिजलेला भाग मोजा. दोरी कोरडीच हवी, कालची ओली घेतलीत तर कसलं माप! मापं मीटरमध्ये घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, की लिटर आले. आमची विहीर ४ मीटर व्यासाची. पावसाळ्यात ३ मीटर पाणी असलं तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण १९० ग्रॅम. मे महिन्यात मीटरभरच पाणी उरतं, तेव्हा ६३ ग्रॅम पुरे.

हा हिशेब ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा. उघडी राहिली, ओल किंवा ऊन लागलं की जोर उतरतो. गुठळ्या झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर मी घेत नाही. साठा प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, पत्रा गंजतो.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात धिरड्याच्या पिठाइतकी पातळ कालवा. एका बादलीला १०० ग्रॅमच्या वर नको, म्हणून आमच्या दोन बादल्या होतात. तोंडाला रुमाल बांधा, वारा पाठीवर घ्या. मग बादली पाऊण भरा आणि दहा मिनिटं हात लावू नका. चुना खाली बसतो, वर निवळी येते. क्लोरीन त्या निवळीत असतो. ती दुसऱ्या बादलीत काढा आणि चुना विहिरीपासून लांब खड्ड्यात टाका. पहिल्यांदा मी चुन्यासकट ओतलं होतं. सकाळी बायका हंडे घेऊन दारात हजर, "भाऊ, हे पाणी आहे का ताक?"

निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडा आणि दोरी वर-खाली, आडवी-तिडवी जोरात हलवा. नुसती वरून ओतली तर ती वरच्या थरातच राहते. मी हे काम रात्री शेवटची घागर गेल्यावर करतो, कारण निदान तासभर पाणी उपसायचं नसतं.

तासाने ओटी. नळीत पाणी घ्या, थेंब टाका आणि रंग लगेच पट्टीशी लावा. चहा पिऊन आल्यावर बघितलात तर उगाच गडद दिसेल. विहिरीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन यायला हवा. शेवटच्या घरच्या हंड्यात ०.२ तरी. रंगच आला नाही तर पुन्हा निवळी. नळीतलं पाणी बाहेर फेका, विहिरीत परत नको.

पहिल्या पावसाचं गढूळ पाणी मात्र छळतं, क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. त्या दिवसांत मी घरोघरी सांगून येतो: हंड्यात तुरटी फिरवा, निवळू द्या, गाळा, मग उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळवा.