पिस्तूल नव्हे, छर्रे बिघडले होते

परभणीत आमच्या लांब पडवीत 10 मीटरची जागा आहे. तिथं मी एअर पिस्तुलाचा सराव करतो. उन्हाळ्यात अचानक नेम फाटायला लागला. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिमीचं, आणि माझे छर्रे आठ-नऊच्या घरात पसरलेले. हात बिघडला म्हणून पंधरा दिवस नुसता श्वास आणि ट्रिगर घोटत बसलो. ते पंधरा दिवस वाया गेले, याचं अजून वाईट वाटतं.

मग पिस्तूल जाड कापडात गुंडाळून शिकंज्यात हलकंसं धरलं आणि पाच छर्रे झाडले. तरी फाटलेलंच! म्हणजे दोष हाताचा नव्हताच.

ओळखीच्या सोनारकाकांच्या काट्यावर छर्रे तोलले. सगळे 0.53 ग्रॅमच्या आसपास, वजनात खोट नव्हती. काका म्हणाले, "भिंगाखाली धर की जरा." धरलं तर कित्येकांच्या मागच्या पातळ घेराला पोचे! शिसं मऊ असतं. मोटरसायकलच्या डिकीत डबा महिनाभर आदळत होता. घेर वाकला की हवा एका बाजूनं निसटते आणि छर्रा डुगडुगत जातो.

पोचे आलेले बाजूला काढले, नळीतून फेल्टचे बोळे ओढले. काळं शिसं निघालं. पहिले काही छर्रे इकडेतिकडे गेले, नंतर पाचांचं मिळून एकच भोक पडलं. आता डब्यात वर फोमची चकती घालतो आणि डबा सॅकमध्ये, पाठीवर असतो.