मांडी दुखत होती आणि मी फॉर्मवर ‘काही नाही’ लिहिलं

कोल्हापूरच्या पेठेतल्या तालमीतून पहिल्यांदाच प्रोफेशनल फुटबॉल क्लबात निघालेल्या पोरांसाठी हे लिहितोय. फर्स्ट टच, मार्किंग, हेडिंग यातलं मी काही सांगणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम (पीटीएम) किंवा शिवाजी मंडळाच्या सामन्याला जमणाऱ्या गर्दीसमोर खेळलेल्या पोराला ते कळतं. हेड कोचच्या हाताखालचं पहिलं वर्ष कसं काढायचं, एवढंच सांगायचंय. माझं ते वर्ष मी माझ्याच हाताने घालवलं. आज सात वर्षं झाली, तरी उजवी मांडी आखडली की तो आठवडा जसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो.

आधी सोपं ते उरकतो. क्लब गोव्यातला होता. मीटिंग साडेसातची असेल तर सात पंचवीसला खुर्चीत बसलेलं असायचं. जेवताना मोबाइल खोलीत. मोजे धुवायला टाकताना सुलटे करून टाकायचे, नाहीतर किट सांभाळणारे दादा रात्री उशिरापर्यंत तेच करत बसतात. दारामागे दंडाची यादी लावलेली. अशा याद्या सगळीकडे असतात. 2019 मध्ये फ्रँक लॅम्पार्ड चेल्सीचे कोच होते तेव्हा त्यांची यादी बाहेर फुटली होती, त्यात सरावाला उशिरा येणाऱ्याला 20,000 पौंड दंड होता. आमच्याकडे शे-दोनशे रुपये. पहिले चार महिने मला एकदाही दंड बसला नाही आणि मी स्वतःला शिस्तीचा समजत होतो. हा भाग पंधरा दिवसांत अंगवळणी पडतो, त्याला घाबरू नका.

मी अडकलो ते एका कागदात.

रोज सकाळी नाश्त्याआधी फिजिओच्या टेबलावर एक फॉर्म भरायचा असायचा. झोप, थकवा, स्नायूंचं दुखणं, ताण, मूड. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. सगळ्यात खाली एक ओळ, ‘कुठे दुखतंय?’ भरायला अर्धा मिनिट लागतं. अर्धा मिनिटच लागतं म्हणून आम्ही त्याला काडीची किंमत देत नव्हतो.

मंगळवारी स्प्रिंट मारताना उजव्या मांडीच्या मागे, नितंबाच्या चार बोटं खाली, ओढल्यासारखं झालं. पळता येत होतं, फक्त पाय पूर्ण लांब टाकला की खेचायचं. रविवारी सामना होता आणि पहिल्यांदाच सलग तिसऱ्यांदा सुरुवातीच्या अकरात माझं नाव दिसत होतं. बुधवारी फॉर्मवर दुखण्याला पाच गुण दिले आणि खाली लिहिलं, ‘काही नाही’. गुरुवारी तेच. शुक्रवारी तर आदल्या दिवसाचे आकडे बघूनच उतरवले.

मी हे का केलं ते नीट सांगतो, कारण तुम्हीही हेच करणार आहात. आपल्याकडे दुखणं लपवणं हा गुण समजतात. क्रेप बँडेज आवळून, वर मोजा ओढून उतरलेल्या पोराला पेठ डोक्यावर घेते. मीही तसा उतरलोय, माझ्यासाठी फटाके वाजलेत. दुखतंय म्हणून बाहेर बसला तर ‘घाबरला’ म्हणतात. ही शिकवण घेऊन मी तिथे गेलो होतो आणि तिथे ती शिकवण म्हणजे सरळसरळ खोटं बोलणं होतं. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता.

रविवारी तेविसाव्या मिनिटाला त्यांचा विंगर सुटला. मी मागे धावलो आणि कुणीतरी मागून दगड मारावा तसं मांडीवर बसलं. खरंच मागे वळून पाहिलं, कोण आहे ते. कुणी नव्हतं. माझ्या जागी आलेल्या पोराला वॉर्मअपला दोन मिनिटंही मिळाली नाहीत. पहिला गोल त्याच्याच बाजूने बसला. त्याची काहीही चूक नव्हती.

ड्रेसिंग रूममध्ये सर, म्हणजे आमचे हेड कोच, मला एक शब्द बोलले नाहीत. बुधवारी खोलीत बोलावलं. टेबलावर माझे तीन फॉर्म ओळीने मांडलेले आणि बाजूला जीपीएसच्या जाकिटाची आकडेवारी. सोमवारपर्यंतचा माझा सर्वाधिक वेग आणि मंगळवारनंतरचा, दोन्ही पेनने अधोरेखित केलेले. सरांनी विचारलं, “हे अक्षर तुझंच ना?” मी हो म्हणालो.

“दुखापत कुणालाही होते, तिचा राग नाही. पण तू मला खोटी माहिती दिलीस आणि माझ्याकडून चुकीची टीम निवडून घेतलीस. हरलो त्याचा जाब मी वर देईन, तो माझा आहे. या तीन कागदांचा जाब तू दे.”

मी दंड विचारला. खरं सांगतो, दंड भरून मोकळं व्हायचं होतं. सर म्हणाले, “पैसे नकोत.” सहा आठवडे मी रिहॅबला होतो. ते सहाही आठवडे रोज सकाळी सगळ्यांचे फॉर्म वाटायचं आणि गोळा करायचं काम मला दिलं.

त्या टेबलाशी बसून जे दिसलं ते चार महिने टीममध्ये राहून दिसलं नव्हतं. कोण आदल्या दिवसाचे आकडे उतरवतो, कोण शेजाऱ्याच्या कागदावर डोकावतो, घरून फोन आला की कुणाची झोप दोनवर येते. त्या कागदांवरून सकाळी नऊपर्यंत सराव बदलायचा. एकाला स्प्रिंट कमी, दुसऱ्याला नुसती सायकल, तिसरा थेट डॉक्टरकडे. सामन्यात बदल किती करता येतात ते मोजकं असतं. दुखरा पाय लपवून उतरलेला खेळाडू त्यातला एक आधीच खाऊन बसलेला असतो.

हेड कोचची बाजूही समजून घ्या. मैदानावर जे काही होतं त्याखाली सही त्याची असते. 3 मार्च 2023 ला बंगळुरूत सुनील छेत्रीच्या फ्री किकवरून वाद झाला आणि केरळा ब्लास्टर्सचे कोच इव्हान वुकोमानोविच यांनी टीम मैदानाबाहेर नेली. गोल द्यायला हवा होता की नको यावर लोक आजही भांडतात. पण फेडरेशनने कोचवर 10 सामन्यांची बंदी घातली आणि क्लबला 4 कोटींचा दंड केला. कोचला जाब विचारणारे वर बसलेले असतात. खालून आपण त्याला खोटं कळवलं की तो खोट्यावर सही करतो.

तरीही कुणीतरी तुम्हाला जर्नैल सिंग यांची गोष्ट सांगेलच. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये डोक्याला टाके असताना ते खेळले, फायनलमध्ये गोल केला, आपण दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून सुवर्ण जिंकलं. खरं आहे. पण ते टाके रहीमसाहेबांपासून लपलेले नव्हते. सय्यद अब्दुल रहीम कोच होते, त्यांना जखम माहीत होती आणि एरवी बचावात खेळणाऱ्या जर्नैलना त्यांनी पुढे सेंटर फॉरवर्डला लावलं. कोचला माहीत होतं म्हणून कोचला विचार करता आला. ही गोष्ट अर्धीच सांगून पोरांना दुखऱ्या पायावर उतरवणाऱ्यांची मला चीड येते.

गुरू कुणाला करायचं तेही सांगतो. “सरांना कशाला सांगतोस, जागा जाईल” म्हणणाऱ्या सीनियरपासून लांब राहा. तो वाईट नसतो, पण तो स्वतःची जागा सांभाळत असतो. मला सगळ्यात खरा सल्ला दिला तो किटवाल्या दादांनी. आणि कृपा करून सामन्याच्या सकाळी बाहेर जाऊन इंजेक्शन मारून येऊ नका. दुखणं थांबतं, फाटणं थांबत नाही. जिममधल्या ओळखीच्याने दिलेली पावडरही नको. डोपिंगच्या नियमात शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो, “मला माहीत नव्हतं” म्हणून सुटका होत नाही. आधी टीमच्या डॉक्टरांना डबा दाखवा.

सांगायचं कसं? आधी फिजिओला, सरावाच्या आधी, तोंडाने. कुठे दुखतंय, कधीपासून, काय केल्यावर. रात्री मेसेज टाकून झोपायचं नाही, कॅप्टनला मध्ये घालायचं नाही. जागा जाईल का? जाऊ शकते, खोटा धीर देत नाही. पण मी बुधवारी बोललो असतो तर एक-दोन सामने गेले असते. गप्प राहिलो आणि अर्धा सीझन गेला. आणि बोलणाऱ्याला सर विसरत नाहीत, हे मी फॉर्म गोळा करताना पाहिलंय. दोन आठवडे बाहेर बसलेला आमचा लेफ्ट बॅक बरा झाल्याच्या दिवशी थेट टीममध्ये आला.

आता मी पेठेतल्या पोरांना शिकवतो. गेल्या सीझनला सामन्याच्या दिवशी एका पोराने मोजा गुडघ्याच्या वरपर्यंत ओढलेला दिसला. मोजा खाली करायला लावला, आत क्रेप बँडेज. “काय नाही दादा, जरा धरलंय.” मी त्याला बसवला. बाहेरून ओरडा सुरू झाला, मंडळाचे दोघे जण आत आले, तरी बसवला. सामना आम्ही टायब्रेकरवर हरलो. पेठेतले काही जण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पोरगा तेराव्या दिवशी पळायला लागला. परवा सरावाला आला तेव्हा बूट घालायच्या आधीच माझ्याकडे येऊन म्हणाला, “दादा, डावा घोटा सकाळपासून जड वाटतोय.”