गाडीच्या चाव्यांचं काम शिकायचंय? परभणीतल्या एका दुकानातून चार गोष्टी

महिन्याकाठी दोन-तीन पोरं दुकानात येतात, "दादा, हे काम शिकायचंय" म्हणत. पुढचा प्रश्नही ठरलेला: "मशीन कोणती घ्यावी?" मशीनचं बघू नंतर. मी पहिल्या वर्षात काय काय घालवलं, ते आधी ऐका.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, एका उस्तादाकडे राहिलो. तिकडे गाड्यांना काय तोटा! वाळूजला बजाज, शेंद्र्याला स्कोडा, आणि २०१० साली एकदम दीडशे मर्सिडीज घेणारं शहर ते. पण उस्तादानं पहिले तीन महिने माझ्या हातात दिलं काय, तर कानस, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि झिजलेल्या चाव्यांचा डबा. खाचा मोजायच्या, वहीत लिहायच्या. मनात म्हणायचो, हा माणूस फुकटचा टाइमपास करायला लावायलाय.

त्या वहीचा अर्थ चावी मोडल्यावर कळला. गाडीच्या कुलपात बारीक पितळी पत्त्या असतात. बरोबर चावी गेली की सगळ्या पत्त्या सिलिंडरच्या आत बसतात आणि तो फिरतो. खाचांच्या खोलीच्या तीन-चार ठरलेल्या पायऱ्या असतात, दोन पायऱ्यांत फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दहा वर्षं वापरलेल्या चावीवरून डुप्लिकेट मारली, की तिची झीज जशीच्या तशी उतरते, वर आपल्या मशीनची चूक वेगळी. अशी चावी दाराला चालते, इग्निशनला अडते. मी मारलेली अशीच एक, गिऱ्हाइकानं जोर लावल्यावर, इग्निशनमध्येच तुटली. अर्धा दिवस स्टेअरिंगखाली उताणा पडून तुकडा काढला, पैसे घेतले नाहीत ते वेगळंच. तेव्हापासून जुनी चावी आली की आधी मोजतो, जवळची पायरी धरतो आणि मूळ मापानं कापतो.

कोड असेल तर मोजायचीही गरज नाही. नव्या गाडीच्या चाव्यांबरोबर पत्र्याचा नाहीतर प्लॅस्टिकचा एक बारका बिल्ला येतो, त्यावर नंबर असतो. नवी पोरं त्या आकड्यांनाच खाचांची खोली समजतात. सोयाबीनच्या पिशवीवर लॉट नंबर असतो ना, तसा हा. नुसता वाचून काही कळत नाही, कंपनीच्या तक्त्यात घातला की खाचा मिळतात. म्हणूनच तो बिल्ला चावीलाच लटकवून फिरणाऱ्या लोकांचा मला राग येतो. चावी हरवली की बिल्लाही गेला, आणि सापडणाऱ्याच्या हाती आयतं घबाड. मी गिऱ्हाइकासमोर तो सोडवून त्याच्या हातात देतो आणि घरी कागदांत ठेवायला सांगतो.

दुसरा कोड इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचा. त्याचा खाचांशी संबंध नाही. चावीच्या डोक्यात एक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्याच्या लहरींवर (बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झ) ती जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. चावीतला सीआर २०३२ सेल असतो तो रिमोटसाठी. सेल मेला म्हणून गाडी ढकलत आणलेले लोक मी पाहिलेत; चावी घालून फिरवली असती तर चालू झाली असती. नवी चिप गाडीला ओळखीची करायची तर डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायची जागा) मशीन लावावी लागते आणि बऱ्याच गाड्या तिथं पिन, म्हणजे गुप्त नंबर, मागतात. हा पिन आणि बिल्ल्यावरचा नंबर, यांची गल्लत करू नका.

चिपनं मला रडवलं ते असं. जिंतूरहून एक गुरुजी आले, चावीचं कवच फुटलेलं. सोपं काम. नवं कवच घेतलं, पातं बसवलं, रिमोटची पट्टी बसवली, पैसे घेतले. दहा मिनिटांत गुरुजी परत. गाडी चालू होते अन् दोन सेकंदांत बंद. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत होता. तेव्हा डोक्यात उजेड पडला. चिप वेगळी असते, अर्ध्या चिंचोक्याएवढी, काळी, जुन्या कवचाच्या कोपऱ्यात चिकटलेली. आणि ते कवच मी कचऱ्याच्या पोत्यात टाकलेलं! घंटागाडी यायची होती म्हणून वाचलो. भर मे महिन्यात, लोखंडाच्या किसात हात घालून पोतं उपसत बसलो. गुरुजी शेजारी उभे राहून शांतपणे म्हणाले, "सावकाश होऊ द्या, आम्हाला सुट्ट्या आहेत." आजही कवच बदलताना जुनं कवच गाडी चालू होईस्तोवर टेबलावरून हलवत नाही.

बाकी किरकोळ. मशीन लावण्याआधी गाडीची बॅटरी मोजा. चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. कमी असेल तर चार्जर जोडल्याशिवाय हात लावू नका, मधेच बॅटरी बसली तर कंट्रोल युनिटच, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरच, जायचं. एक चावी हरवलेला माणूस आला तर नवी देऊन मोकळे होऊ नका, हरवलेली गाडीच्या मेमरीतून काढा. तिचं पातं दार उघडत राहील, पण गाडी चालू होणार नाही. आणि हे त्यानं विमा कंपनीला कळवलेलं बरं, कारण गाडी चोरीला गेली की कंपनी आधी सगळ्या चाव्या मागते. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांचे चोर चावी चोरतच नाहीत. घरातल्या चावीचा सिग्नल यंत्रानं दारातल्या गाडीपर्यंत ओढतात. रात्री चावी स्टीलच्या डब्यात ठेवा म्हणतात. पण डबा गाडीजवळ नेऊन बघा, दार उघडलं तर तो डबा पोह्यांनाच ठेवा. जुन्या ट्रॅक्टरांचं तर बोलूच नका, अख्ख्या गल्लीत एक चावी चालते.

आता सगळ्यात अवघड काम. माणूस म्हणतो, "दादा, मेहुण्याची गाडी हाय, चावी विहिरीत पडली, लगीच द्या की बनवून." आरसी विचारली की आवाज चढतो. चढू द्या. आरसी फोनमध्ये डिजिलॉकरवर दाखवली तरी चालते, पण गाडीवरचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर स्वतः वाचून ताडून बघा. त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, दिसलं तर काहीतरी गडबड आहे. नाव दुसऱ्याचं असेल तर मालकाशी फोनवर बोला, आधारची झेरॉक्स घ्या, रजिस्टरला सही घ्या. गिऱ्हाइकाच्या चावीचा फोटो कुठल्या ग्रुपवर टाकू नका, फोटोवरूनही खाचा वाचता येतात.

तो मेहुणेवाला संध्याकाळी खरंच मेहुण्याला घेऊन आला. दोघंही चिडलेले, पण जाताना मेहुण्यानं दुसरी चावीही बनवून घेतली. आणखी एकजण होता, तीन वर्षांपूर्वी "कागद घेऊन आलोच" म्हणून गेलेला. तो अजून कागद आणायलाच गेलाय.