ऑफरोड बाइकचं सस्पेन्शन सेट करताना या चुका टाळा

गाडी नीट चालत नाहीये असं वाटलं की बहुतेक जण पहिलं काय करतात तर स्क्रूड्रायव्हर काढून क्लिकर (सस्पेन्शन मऊ-कडक करायचे स्क्रू) फिरवायला लागतात. हँडल हाताला मारतंय ना, मग पुढचा फोर्क मऊ करा, मागचं चाक उडतंय ना, मग शॉक कडक करा, आणि असं करत करत दुपारपर्यंत गाडी होती त्यापेक्षा वाईट होते आणि मुळात सेटिंग काय होतं हेही कोणाला आठवत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा सगळा प्रकार. कारण सस्पेन्शनमध्ये त्रास जिथे जाणवतो तिथेच बिघाड असतो असं नाही, पुढचं चाक वळणात घसरतंय त्याचं कारण मागे असू शकतं आणि फोर्क कडक वाटतोय त्याचं कारण तो जास्त मऊ आहे हेही असू शकतं. म्हणून खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या निम्म्या तरी "चुकीच्या जागी इलाज" याच प्रकारातल्या आहेत.

सस्पेन्शनला हात लावायच्या आधी बाकीची गाडी न बघणं

टायरमधली हवा आधी बघा, हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही. मोटोक्रॉस किंवा एन्ड्युरोच्या ट्यूबवाल्या टायरला साधारण 12 ते 15 पीएसआय चालते, रस्त्यावरून आणलेल्या गाडीत 28-30 भरलेली असेल तर कितीही क्लिक सोडा, ती दगडावर टणाटणा उडणारच. मग गाडी स्टँडवर घेऊन पुढचं चाक हवेत उचला आणि फोर्क खालून धरून पुढेमागे हलवा, खटका जाणवला तर स्टीअरिंगचं बेअरिंग सैल आहे, आणि सैल बेअरिंगमुळे वेगात हँडल थरथरतं तेव्हा लोक उगाच रीबाउंडला, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत वर येतं त्याला, दोष देतात. मागचं चाक वर-खाली हलवून लिंकेजचा (मागच्या चाकाला शॉकशी जोडणाऱ्या सांध्यांचा) खुळखुळाट पण बघा. लिंकेजची बेअरिंग चिखलपाण्याने गंजून जाम झालेली असतील तर कितीही महागाचा शॉक असला तरी तो नीट दबणार नाही.

चेन जास्त ताणलेली असणं हे आणखी एक. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणते, म्हणजे स्टँडवर बरोबर वाटणारी चेन मागचं दबल्यावर दोरीसारखी ताठ होऊ शकते आणि मग शॉकला पुढे दबूच देत नाही. मागचा भाग अर्ध्यातच कडक होतोय असं वाटत असेल तर क्लिकरच्या आधी चेन बघा.

आणि पुढचं चाक बसवताना ॲक्सल घट्ट करून लगेच पिंच बोल्ट (ॲक्सलला चिमटून धरणारे बोल्ट) आवळू नका. चाक बसवलं की पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी सरळ बसतात, मगच बोल्ट आवळा. ट्रिपल क्लॅम्पचे (फोर्कच्या नळ्या वर धरणाऱ्या पकडीचे) बोल्ट पण टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर. जोर लावून आवळले की बाहेरची नळी तिथे किंचित दाबली जाते आणि आतला बुश तिथून जाताना अडकतो, मग तुम्ही म्हणता फोर्क कडक आहे.

सॅग न मोजणं, किंवा अर्धवट मोजणं

हा सगळ्याचा पाया आहे. सॅग म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते. तीन मापं घ्यायची. पहिलं माप गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत, ॲक्सलपासून बरोबर वर मडगार्डवर एक खूण करून तिथपर्यंतचं अंतर. दुसरं गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. तिसरं तुम्ही गाडीवर असताना. पहिल्यातून दुसरं वजा केलं की स्टॅटिक सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. साधारण 300 मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन जास्तीत जास्त जेवढं दबतं ते अंतर) असलेल्या मोठ्या मोटोक्रॉस-एन्ड्युरो गाडीला रायडर सॅग 100 ते 105 मिमी आणि स्टॅटिक 30 ते 40 मिमी हे सुरुवातीचे आकडे धरायला हरकत नाही, बाकी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे असेल ते खरं. कमी ट्रॅव्हलच्या गाडीला हेच आकडे लावणं ही पण एक चूकच आहे, 200 मिमी ट्रॅव्हल असेल तर 100 मिमी सॅग म्हणजे अर्धं सस्पेन्शन उभ्या उभ्याच संपलं. तिथे 60-65च्या आसपास धरा.

आता मोजताना काय काय चुकतं. लोक जीन्स-टीशर्टवर मोजतात, आणि चालवताना बूट, हेल्मेट, आर्मर, पाठीवर पाण्याची पिशवी, हे सगळं मिळून सहज आठ-दहा किलो होतं. एक पाय जमिनीवर टेकवून मोजतात, त्याला काही अर्थ नाही, दोन्ही पाय फूटपेगवर हवेत, म्हणजे एकाने गाडी धरायची, एकाने टेप धरायची, तीन माणसं लागतातच. बसून मोजायचं की उभं राहून यावर लोक तासन् तास वाद घालतात, काहीही करा पण दर वेळी तेच करा. मडगार्डवरची खूण तिरकी असेल तर माप खोटं येतं, कारण ॲक्सल सरळ वर जात नाही, कमानीत जातो. आणि सील-बुशच्या घर्षणामुळे एकच माप दोनदा वेगळं येतं, म्हणून एकदा गाडी खाली दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा, एकदा वर उचलून हळूच खाली बसू द्या आणि मोजा, दोन्हीच्या मधला आकडा धरा.

सॅग बदलायचा तर शॉकवरची रिंग फिरवायची. आधी आटे ब्रशने स्वच्छ करा, लॉक रिंग सैल करा, मागचं चाक हवेत ठेवा आणि हुकवाला पाना वापरा. हातोडी आणि छिन्नी घेऊन रिंग ठोकणारे खूप आहेत, त्यांच्या रिंगांची अवस्था बघवत नाही. रिंगचा एक पूर्ण वेढा म्हणजे सॅगमध्ये ढोबळमानाने 3 ते 5 मिमीचा फरक, गाडीच्या लिंकेजवर अवलंबून आहे.

प्रीलोड वाढवला म्हणजे स्प्रिंग कडक झाली असं समजणं

हा गैरसमज कधी जाणार माहीत नाही. प्रीलोड, म्हणजे ती रिंग आवळून स्प्रिंगवर आणलेला सुरुवातीचा दाब, वाढवल्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. स्प्रिंग तीच राहते, दर मिलिमीटर दबायला तेवढंच वजन लागतं. वजनदार माणूस मऊ स्प्रिंगवर प्रीलोड आवळत आवळत रायडर सॅग 105 ला आणतो आणि म्हणतो झालं. नाही झालं. आता स्टॅटिक सॅग बघा, तो जेमतेम 15-20 मिमी उरलेला असेल.

इथे डोकं थोडं उलटं चालवावं लागतं. रायडर सॅग बरोबर लावल्यावर स्टॅटिक सॅग फार कमी येत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, कारण ती जास्त आवळूनच तुम्ही ते माप गाठलंय. आणि स्टॅटिक सॅग फार जास्त येत असेल तर स्प्रिंग कडक आहे. पहिल्यांदा ऐकलं की सगळ्यांना उलटंच वाटतं, कागदावर मांडून बघा म्हणजे पटेल. स्टॅटिक सॅग संपलेल्या गाडीचं मागचं चाक खड्ड्यात खाली उतरायला जागाच शिल्लक नसते, त्यामुळे ब्रेक मारताना, उतारावर मागचं हलकं होऊन इकडेतिकडे फिरतं. हे क्लिकरने जाणार नाही, स्प्रिंगच बदलावी लागते. कंपनीची स्प्रिंग बऱ्याच मोठ्या ऑफरोड गाड्यांना साधारण 75 ते 85 किलोच्या रायडरसाठी असते, तुम्ही 60 किलोचे किंवा 100 किलोचे असाल तर पहिला खर्च स्प्रिंगवर करा, बाकीचं चकचकीत सामान नंतर. आणि मागची बदलली की पुढच्या फोर्कची पण बघा, एकच बदलून गाडी वाकडीतिकडी होते.

खडबडीत जागी त्रास होतोय म्हणून सरळ कम्प्रेशन सोडणं

लहान लहान उंचवटे लागोपाठ आले की गाडी कडक वाटते, लोक कम्प्रेशन, म्हणजे सस्पेन्शनच्या दबण्याला होणारा अटकाव, सोडतात (मोकळं करतात), आणखी वाईट होतं, आणखी सोडतात. स्वतःला एक प्रश्न विचारा, पहिला उंचवटा लागतोय की चौथा? पहिलाच लागत असेल तर कम्प्रेशन जास्त असेल. पहिला बरा, दुसरा ठीक आणि चौथा-पाचवा कंबर मोडतोय असं असेल तर रीबाउंड हळू आहे. सस्पेन्शन दबलं की पुढच्या धक्क्याआधी परत वर यायला हवं, ते येत नाही, मग प्रत्येक धक्क्याला थोडं थोडं खाली बसत जातं आणि शेवटी वापरायला ट्रॅव्हलच उरत नाही. अशा वेळी रीबाउंड दोन क्लिक सोडा, कम्प्रेशनला हात लावू नका.

रीबाउंड फार मोकळं असेल तर उलट लक्षणं, उंचवट्यावरून सुटताना सीट ढुंगणाला ढकलते, मागचं वर जाऊन नाक खाली पडतं, वळणात पुढचं चाक उसळून पकड सोडतं. पण थांबा, उडीच्या चढावर मागचं लाथ मारतंय याचं कारण नेहमी रीबाउंडच असतं असं पण नाही. शॉक फार मऊ असेल किंवा सॅग फार असेल तर चढावर तो तळापर्यंत दबतो आणि तितक्या खोलवरून स्प्रिंग जोरात परत येते. तिथे रीबाउंड आवळून आवळून लोक गाडी मारून टाकतात, खरं तर लो-स्पीड कम्प्रेशन (शॉक हळू दबतो तेव्हाचं) थोडं वाढवायला हवं असतं.

पुढच्या फोर्कचंही तसंच. फोर्क मऊ असला की ब्रेक लावल्यावर, उतारावर तो आधीच अर्धा खाली गेलेला असतो, तिथे आतली हवा दाबली जाऊन जास्त कडक झालेली असते, आणि बरोबर त्या जागी तुम्ही दगडावर जाता. हाताला कडक लागतं म्हणून आणखी मऊ करायचं, तो आणखी खोल जाणार. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय सैलसर बांधा आणि फेरी मारून बघा कुठपर्यंत सरकलाय. सगळ्यात मोठ्या धक्क्यालाही थोडासा ट्रॅव्हल उरत असेल तर बरोबर आहे. दर छोट्या खड्ड्यात टाय तळाला जात असेल तर फोर्क मऊ आहे, हाताला काहीही वाटो. लक्षात ठेवा, फोर्क पूर्ण दबल्यावरही बऱ्याच गाड्यांना नळीचा थोडा भाग बाहेर राहतो, तो आकडा सर्व्हिसला फोर्क उघडेल तेव्हा मोजून घ्या. फक्त शेवटच्या टोकालाच आपटत असेल आणि बाकी सगळं छान असेल तर क्लिकरला हात न लावता फोर्कमधल्या तेलाची पातळी थोडी वाढवा, 5-10 मिली सुद्धा शेवटच्या भागात कळतं.

फोर्कमधली साठलेली हवा सोडणं पण विसरतात. पुढचं चाक हवेत असताना वरचे ब्लीड स्क्रू उघडले की फुस्स आवाज येतो, गाडी चालवल्यावर आणि उंचीवर गेल्यावर हा दाब वाढतो. एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) असेल तर मात्र ब्लीड स्क्रू कुठला आणि मेन चेंबरचा व्हॉल्व्ह कुठला हे आधी मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर सगळा दाब निघून जाईल आणि साध्या पंपाने परत भरता येणार नाही. तिथला दाब नेहमी थंड गाडीवरच मोजायचा.

पुढचं-मागचं वेगवेगळं समजणं

मागचं खाली बसलं की पुढचं वर होतं, म्हणजे स्टीअरिंगचा कोन पसरट होतो, गाडी सरळ रेषेत शांत आणि वळणात बाहेर पळणारी. मागचं उंच केलं की उलट, पटकन वळते पण वेगात हँडल हलतं. त्यामुळे वळणात पुढचं चाक बाहेर जातंय तर आधी मागचा सॅग मोजा. फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवणं हा पण याच खेळाचा भाग आहे, एका वेळी 2-3 मिमी, 5 मिमी हा मोठा बदल झाला.

क्लिकरबद्दल थोडक्यात. पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजा, बंद करताना जोर लावू नका, आतली सुई आणि तिची बैठक खराब होते. एका वेळी एकच गोष्ट, दोन क्लिक, तोच रस्ता. काही फोर्कमध्ये कम्प्रेशन एका नळीत आणि रीबाउंड दुसऱ्या नळीत असतं, तिथे दोन्ही बाजू सारख्या करायच्या नादी लागू नका. शॉकवरचं हाय-स्पीड कम्प्रेशन बहुतेक वेळा नटावर असतं, त्याचे क्लिक नाही, वेढे मोजतात. आणि हाय-स्पीड म्हणजे गाडीचा वेग नाही, शॉकचा दांडा किती जोरात आत जातो तो वेग. 20च्या स्पीडला धारदार दगडावर गेलात तरी ते हाय-स्पीड, आणि 80ला ब्रेक मारून फोर्क बसला ते लो-स्पीड.

वाळूत थोडं जास्त कम्प्रेशन आणि पुढचं नाक वर राहील असं ठेवा. चिखलात गाडीलाच चिखलाचं वजन चिकटतं, त्यामुळे प्रीलोड किंचित वाढवला तर चालतं. हळू चढाच्या दगडधोंड्यात मऊ बरं.

सकाळी गाडी छान आणि तासाभराने मागचं उड्या मारायला लागलं असेल तर सेटिंग बदलत बसू नका, शॉकमधल्या तेलाचं आयुष्य संपलंय. गरम झालं की जुनं तेल पातळ होतं आणि डॅम्पिंग (स्प्रिंगची हालचाल आवरून धरणं) जातं. शॉक घरी उघडू नका, आत साधारण 10 बार दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, ज्याच्याकडे तो परत भरायची सोय आहे त्याच्याकडेच द्या. देताना दांडा वाकला किंवा खरवडला नाही ना आणि बुश झिजलेला नाही ना ते बघायला सांगा, आणि परत आल्यावर सॅग नव्याने मोजा, कारण स्प्रिंग काढून परत बसवताना रिंग होती तिथेच येईल याचा भरवसा नसतो.