पोरांना वॉटरपार्कला नेताना

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून मेच्या ४५ अंशांत घाई नको. पेरणीआधी, पहिल्या सरीनंतर निघा. आम्ही पहाटेच्या एसटीनं नागपूर गाठतो. बायकांना अर्धं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या पोरांनाही अर्धंच, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला फुकट. (आजी पाण्यात उतरत नाही, पण पिशव्या तिच्यासारख्या कोणी राखत नाही.)

सुती कपड्यांत आत उतरू देत नाहीत. मागल्या साली आमच्या ह्यांना बनियन काढायला लावली, अन् भाड्याची नायलॉनची चड्डी इतकी ढगळ की घसरगुंडीवर एका हातानं धरूनच बसले! आठवडी बाजारातून आधीच घेऊन ठेवा.

घसरगुंड्या आधी, जेवण मागून. डबा आत चालत नसेल तर झुणका-भाकर गेटाबाहेर, लिंबाखाली.