इम्युनॉलॉजिस्टचे शोधनिबंध मोजताना या चुका टाळा

निवड समितीसमोर फाइल आली किंवा पीएचडीसाठी गाइड शोधायचा असला, की बहुतेक जण गूगल स्कॉलर उघडतात, एच-इंडेक्स (निबंध आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढलेला आकडा) पाहतात आणि मत बनवून मोकळे होतात. रोगप्रतिकारशास्त्रात ही घाई जास्तच नडते.

माणूस तोच आहे का?

एकदा एका संशोधकाचा अहवाल तयार करताना टी-पेशींवरच्या (प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरच्या) निबंधांमध्ये मला यकृत प्रत्यारोपणाचे निबंध दिसले. वाटलं, वा, काय व्याप्ती आहे! मग एका निबंधाचं साल पाहिलं, तर तेव्हा हे गृहस्थ शाळेत असायला हवे होते. आडनाव आणि आद्याक्षर जुळणाऱ्या दोघांचं काम एकाच खात्यात जमा झालं होतं. चिनी आणि कोरियन नावांच्या बाबतीत तर हा घोळ नेहमीचाच.

यावर उपाय म्हणजे ऑर्किड (ORCID), म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. 2012 पासून मिळणारी ही 16 अंकी ओळख असेल तर तिच्यावरून यादी ताडून पाहा. नसेल तर संस्था, सहलेखक आणि विषय जुळवा. उलटही घडतं: नाव किंवा संस्था बदलल्यावर स्कोपस या निबंधांच्या डेटाबेसमध्ये एकाच व्यक्तीची दोन प्रोफाइल होतात आणि एच-इंडेक्स उगाच कमी दिसतो. ती एकत्र करण्याची विनंती लेखकाला करता येते.

गूगल स्कॉलरवर सायटेशन (इतरांच्या लेखनात आलेले संदर्भ) जास्त आणि वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या डेटाबेसवर कमी दिसली, तर तो बिघाड नाही. गूगल स्कॉलर प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच जाहीर केलेले निबंध) आणि प्रबंधही मोजतं, वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलं घेतं. फक्त एका उमेदवाराचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून घेऊ नका.

एच-इंडेक्सला काय दिसत नाही

हा निर्देशांक 2005 साली मांडला तो जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने. किमान 20 सायटेशन मिळालेले 20 निबंध असतील, तर एच 20. म्हणजे निबंधांच्या संख्येपेक्षा तो कधीच मोठा होत नाही, आणि काम थांबलं तरी खाली येत नाही. ज्येष्ठांना सोयीचाच म्हणायचा! मेरी ब्रंकाव यांची कारकीर्द बरीचशी बायोटेक कंपन्यांत गेली, निबंधांची यादी तशी लहान. पण 2001 मध्ये स्कर्फी नावाच्या आजारी उंदरांमधला, प्रतिकारशक्तीला आवर घालायला लागणाऱ्या फॉक्सपी3 जनुकाचा दोष उघड करणाऱ्या निबंधावर त्यांचं नाव आहे, आणि 2025 च्या नोबेलवरही.

जर्नलच्या नावावर जाऊ नका

इम्पॅक्ट फॅक्टर ही जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी. त्यातल्या एखाद्या निबंधाची किंमत त्यावरून कळत नाही.

ब्रूस ग्लिक या संशोधकाची गोष्ट पाहा. कोंबडीच्या शेपटाजवळच्या ‘बर्सा’ नावाच्या अवयवाचं काम काय, हे त्यांना शोधायचं होतं, म्हणून काही पिल्लांचा तो काढला होता. टिमथी चँग या सहकाऱ्याला वर्गात अँटिबॉडीचं प्रात्यक्षिक दाखवायला पक्षी हवे होते, त्याने तेच नेले. प्रात्यक्षिक फसलं, कारण बर्सा नसलेल्या पक्ष्यांमध्ये अँटिबॉडी तयारच होईनात. ‘सायन्स’ने निबंध परत पाठवला. 1956 मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला आणि काही काळ प्रतिकारशास्त्रज्ञांच्या नजरेतच आला नाही. आज अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना ‘बी-पेशी’ म्हणताना आपण ज्या ‘बी’चा उच्चार करतो, तो याच बर्साचा.

कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांचा सुधारित आरएनएवरचा (कोविडच्या एमआरएनए लशींचा पाया ठरलेला) 2005 चा ‘इम्युनिटी’तला निबंधही असाच थंड पडून राहिला, 2023 चं नोबेल त्याच कामाला मिळालं. म्हणून एकूण बेरजेपेक्षा वर्षागणिक आलेख पाहा.

सायटेशन कशाला मिळाली?

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसमध्ये फिल्टर लावून समीक्षालेख (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख) वेगळे काढा. ते मूळ प्रयोगांपेक्षा सहज जास्त उद्धृत होतात. पद्धतींचंही तसंच. प्रथिनं मोजण्याच्या लाउरी यांच्या 1951 च्या निबंधाला तीन लाखांवर सायटेशन आहेत, कारण ती पद्धत सगळ्यांना लागते. फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशी एकेक करून मोजण्याच्या तंत्राच्या) मार्गदर्शक तत्त्वांवर तर शेकडो लेखकांची नावं असतात. त्यातल्या एकाला सगळं श्रेय देऊन कसं चालेल?

या क्षेत्रात पहिलं नाव सहसा हातांनी काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा प्रमुखाचं. मधल्या नावांसाठी निबंधाच्या शेवटी असलेलं योगदानाचं निवेदन वाचा. ‘समान योगदान’ची खूण बऱ्याचदा तळटीपेत लपलेली असते.

मागे घेतलेले निबंधही तपासा. त्यांना नंतरही सायटेशन मिळत राहतात आणि ती बेरजेत मुकाट्याने जमा होतात. पबमेडवर तशी सूचना असते, शिवाय मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस आहे. मात्र यादीत असा निबंध दिसला म्हणून लगेच फुली मारू नका. आधी कारण वाचा: स्वतःची चूक सापडल्यावर लेखकांनी आपणहून मागे घेतलेले निबंधही त्यात असतात.