लॉजच्या मदतनिधीचे काम हाती आल्यावर ते कसे करावे

फ्रीमेसनरी ही परस्परांना बंधू मानणाऱ्या सभासदांची जुनी संघटना, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. तिच्यात आल्मनर हे पद दिसायला लहान असले, तरी माझ्या मते अध्यक्षपदाच्या खालोखाल तेच महत्त्वाचे आहे. अडचणीत सापडलेल्या बंधूंची, त्यांच्यामागे राहिलेल्या पत्नीची आणि मुलांची लॉजच्या वतीने विचारपूस करणे हे आल्मनरचे काम. बंधुभाव, मदत आणि सत्य या तीन तत्त्वांपैकी मधले तत्त्व त्याच्या हाती असते. भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून मुंबईत १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज स्थापन झाली. इतक्या जुन्या परंपरेत हे पद स्वीकारणाऱ्याने कामाची पद्धत नीट समजून घ्यावी, यासाठी हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे निधी वेगळे ठेवावेत. सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांना द्यायची मदत एका खात्यातून जावी आणि बाहेरच्या समाजासाठी करायचे काम दुसऱ्या खात्यातून व्हावे. फक्त सभासदांच्या कुटुंबांसाठी असलेला निधी सर्वसाधारणपणे सार्वजनिक धर्मादाय मानला जात नाही, त्यामुळे त्यासाठी घेतलेल्या पैशावर प्राप्तिकरातील देणगीच्या सवलतीची पावती देता येत नाही. सार्वजनिक कामासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवलेला न्यास असावा. तो नसताना बाहेरच्या लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. देणगी शक्यतो धनादेशाने किंवा ऑनलाइन स्वीकारावी, कारण २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिल्यास देणगीदाराला सवलत मिळत नाही.

आता भेटींविषयी. फोनवर विचारलेल्या प्रश्नाला ‘सगळं ठीक आहे’ हेच उत्तर मिळते, म्हणून घरी जावे, आणि एकदाच जाऊन थांबू नये. एका दिवंगत बंधूंच्या घरी मी तिसऱ्यांदा गेलो, तोपर्यंत वहिनींनी चहाशिवाय दुसरा विषय काढला नव्हता. त्या दिवशी निघताना त्या म्हणाल्या, “भाऊजी, एक मिनिट थांबता का?” आणि साखरेच्या डब्याखालून चार घड्या घातलेले औषधांचे बिल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. ते दोन महिन्यांपूर्वीचे होते. पहिल्याच भेटीत मी अर्ज पुढे केला असता, तर ते बिल डब्याखालीच राहिले असते, याची मला खात्री आहे. म्हणून पहिल्या भेटीला कागद, पेन किंवा दुसरा पदाधिकारी बरोबर नेऊ नये. गरज कळल्यावर मात्र दोघांनी जावे आणि काय ठरले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.

प्रश्न आजारपणाचा असेल, तर लॉजच्या निधीला हात लावण्याआधी रुग्णाचा हक्क तपासावा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटून शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हेही तिथेच विचारावे. घाबरलेल्या कुटुंबाला या खिडक्या एकट्याने सापडत नाहीत. पुष्कळदा आल्मनरची अर्ध्या दिवसाची सोबत दहा हजारांच्या धनादेशापेक्षा जास्त कामाची ठरते. जे या सर्वांतून भागत नाही, त्यालाच निधीतून हातभार लावावा. शाळेचे शुल्क शाळेच्या खात्यावर आणि औषधांचे पैसे दुकानाच्या खात्यावर भरावेत.

मदत घेणाऱ्याचे नाव सभेच्या इतिवृत्तात येऊ देऊ नये. ‘प्रकरण क्रमांक ४, शिक्षणासाठी, इतके रुपये’ एवढी नोंद पुरेशी असते. नावे आल्मनर, खजिनदार आणि अध्यक्ष या तिघांनाच माहीत असावीत. ज्या मुलाचे शुल्क आपण भरतो, तो उद्या त्याच सभागृहात आपल्या शेजारी बसण्याची शक्यता असते.

बाहेरच्या कामात आमची एक चूक सांगतो. एका ग्रामीण शाळेत आम्ही ३०० वह्या घेऊन गेलो. मुले उन्हात रांगेत बसली होती, फलक बांधला गेला, भाषणे झाली. लहान वर्गांना दुरेघी वह्या लागतात आणि आमच्या सगळ्या एकरेघी होत्या, हे वाटप संपल्यावर एका शिक्षिकेने संकोचत सांगितले. त्याच बाईंनी नंतर मुलींचे स्वच्छतागृह दाखवले. त्याच्या दाराला आतून कडी नव्हती आणि एक मुलगी बाहेर उभी राहून दार धरून ठेवत होती. कडीला लागणारा खर्च वह्यांच्या एका गठ्ठ्याहूनही कमी होता. तेव्हापासून मी आधी एकटा जातो, मुख्याध्यापकांबरोबर शिक्षकांनाही विचारतो आणि नळ, दारे, दिवे स्वतः पाहतो. फलक नेत नाही आणि मुलांना वस्तू हातात धरून छायाचित्रासाठी उभे करत नाही.

काम लहान असले तरी चालते, पण ते टिकले पाहिजे. बार्थोलोम्यू रस्पिनी या दंतवैद्याच्या पुढाकाराने लंडनच्या फ्रीमेसनांनी १७८८ मध्ये मुलींसाठी शाळा स्थापन केली, तेव्हा सुरुवातीला तिथे अवघ्या १५ मुली होत्या. ती शाळा आजही चालू आहे. एका मुलीचे शिक्षण हाती घेणार असाल, तर पुढच्या सगळ्या वर्षांची तरतूद मुदत ठेवीत बाजूला काढूनच होकार द्यावा. पहिल्या वर्षाचा उत्साह पाहून दिलेला शब्द तिसऱ्या वर्षी मोडला, तर तिला मध्येच महाविद्यालय सोडावे लागते.

पद सोडताना चालू प्रकरणांची वही, पुढच्या शुल्काच्या तारखा आणि ठेवींच्या पावत्या नव्या आल्मनरकडे समक्ष सोपवाव्यात आणि प्रत्येक घरी त्याला एकदा बरोबर घेऊन जावे.